एम.टेक. कशात?

पदवीचे निकाल लागले, की आपल्या सिव्हिल अभियंत्यांच्या कार्यालयांत मुलामुलींची ये-जा सुरू होते. कुणी जुन्या साईटवरच्या मिस्त्रीचा मुलगा, कुणी एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरींची मुलगी. चहा येतो आणि प्रश्न ठरलेला असतो : "सर, एम.टेक. कशात करू?" आपणही फारसा विचार न करता सांगतो, "स्ट्रक्चर घे, उपाशी राहणार नाहीस." किल्लारी (१९९३) आणि भूज (२००१) इथल्या भूकंपांनंतर डक्टाइल डिटेलिंग नीट समजणारे डिझायनर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, तेव्हा हा सल्ला योग्यच होता. आज आपण तो केवळ सवयीने देतो. त्यात समोरच्या मुलाची दोन वर्षे गुंततात.

ईटॅब्स चालवणारी माणसे आता मिळतात. मिळत नाही तो बोअर लॉग वाचणारा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवर आहे, म्हणून "इथे खडक लागतोच" असे म्हणून आपण मोकळे होतो. पण दोन लाव्हा प्रवाहांच्या मध्ये लाल बोलचा मऊ थर असतो, कुठे ब्रेशिया असतो आणि टॅकिलिटिक बेसाल्ट तर उघडा पडून पाऊस-ऊन खाल्ले की भुसभुशीत होतो. कोअर बॉक्समध्ये हे सगळे दिसते, पाहणारा हवा. दहा सेंटिमीटर आणि त्याहून लांब तुकड्यांच्या लांबीची बेरीज करून तिला रनच्या लांबीने भागले, की आरक्यूडी निघते. हे गणित शाळकरी मुलालाही येईल. पण ड्रिलरने डबल ट्यूबऐवजी सिंगल ट्यूब बॅरल लावले असेल, तर चांगला खडकही तुकडे होऊन वर येतो आणि आरक्यूडी उगाच पडते. ड्रिलिंगमध्ये मोडलेल्या तुकड्याची कड ताजी असते, मुळातल्या सांध्यावर मातीचा किंवा गंजासारखा डाग असतो. पेटीतला रिकामा कप्पा तर सगळ्यांत महत्त्वाचा. तिथला मऊ थर पाण्याबरोबर वाहून गेलेला असू शकतो आणि फुटिंग नेमके त्याच्यावर बसणार असते. हे साईटवर उभे राहून ओळखणारे किती अभियंते आपल्या ओळखीचे आहेत?

३० जुलै २०१४ ला दरडीखाली माळीण गाडले गेले, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. कोकणात आणि घाटमाथ्यावर रस्त्यांचे डोंगरकाप वाढत आहेत. मुंबईत साडेतेहतीस किलोमीटरची मेट्रो तीन जमिनीखालून गेली. हे सगळे काम जिओटेकचे आहे, आणि जिओटेकच्या जागा अनेक मुले दुसरी-तिसरी पसंती म्हणून घेतात. कारण आपणच त्यांना कधी सांगितले नाही.

दुरुस्तीचेही तसेच. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. ते अनेकदा रिबाउंड हॅमरच्या आकड्यांवर उरकले जाते. कार्बोनेशन झालेल्या काँक्रीटचा पृष्ठभाग कठीण होतो आणि हॅमर चढे वाचन दाखवतो, म्हणजे आतली सळई गंजत असताना कागदावर कॉलम ठणठणीत दिसतो. हाफ-सेलची वाचने उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली का जातात, त्याचा क्लोराइडशी काय संबंध, जॅकेटिंग केल्यावर भार नव्या काँक्रीटवर खरोखर जातो का, हे शिकण्यासारखे शास्त्र आहे. आयआयटी मद्रासमध्ये बिल्डिंग टेक्नॉलॉजी अँड कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमध्ये ते शिकता येते. रुरकीत भूकंप अभियांत्रिकी आणि जलविज्ञान यांचे स्वतंत्र विभाग आहेत. आयआयटी मुंबईत ट्रान्सपोर्टेशन, जलसंपदा आणि रिमोट सेन्सिंग आहे, गेटमध्ये २०२२ पासून जिओमॅटिक्सचा वेगळा पेपरही आहे. व्यवस्थापनाचा ओढा असेल त्याला पुण्याचे निकमार जवळचे. नावांची माहिती मुलांना इंटरनेटवर मिळते. कोणत्या कामाला माणसे कमी पडतात, हे मात्र आपल्यालाच ठाऊक असते.

आता वेळेचा मुद्दा. गेटला तिसऱ्या वर्षापासून बसता येते आणि गुण तीन वर्षे ग्राह्य असतात. म्हणजे शेवटच्या वर्षी परीक्षा देऊन ठेवायची, दीड-दोन वर्षे साईटवर काढायची आणि मग आवडीचा विषय ठरवून त्याच गुणांवर अर्ज करायचा, हे शक्य आहे. एआयसीटीई-मान्य संस्थेत गेटवर प्रवेश घेतलेल्या एम.टेक. विद्यार्थ्याला एआयसीटीईची दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. एकही स्लॅब भरताना न पाहिलेल्या मुलाने फाइनाइट एलिमेंटचा प्रबंध लिहावा, याला आमचा ठाम विरोध आहे.

स्पर्धा परीक्षांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा खात्याला उत्तम अभियंते हवेत, म्हणून एमपीएससी किंवा यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा जरूर द्यावी. पण किती प्रयत्न करायचे, हे पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर ठरवावे. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये चार-पाच वर्षे गेल्यावर बाहेर पडणाऱ्या मुलाला आपणच "अनुभव किती?" असे विचारतो आणि परत पाठवतो.

आणि अनुभव मिळणार कुठे? आपल्याकडेच. नव्या पदवीधराला आपण काय देतो? "शिकायला मिळतंय ना" असे म्हणून तुटपुंजा पगार, नेमणुकीचे पत्र नाही, आणि वर्षभर आर.ए. बिलांच्या मोजमापाची बेरीज. पायाची तपासणी असते तेव्हा तो ऑफिसात असतो, क्युब फुटतात तेव्हा दुसऱ्या साईटवर. मग तो सॉफ्टवेअरच्या कोर्सला जातो आणि आपण म्हणतो, सिव्हिलला मुले टिकत नाहीत. टिकण्यासारखे आपण त्याच्यासमोर फार थोडे ठेवले आहे.

तेव्हा विनंती अशी. यंदा आपल्या कार्यालयात एक तरी नवा पदवीधर घ्या, लेखी पत्र आणि जगता येईल असा पगार देऊन. पहिल्या वर्षात त्याला बोअरहोलच्या रिगजवळ उभे करा, एका जुन्या इमारतीच्या ऑडिटला बरोबर न्या, एका पुलाच्या किंवा रस्त्याच्या कामावर पाठवा आणि बारबेंडिंग शेड्यूल त्याच्याच हाताने करून घ्या. वर्ष संपले, की एम.टेक. कशात करायचे ते त्यालाच विचारा.