नोकरी सांभाळून एम.टेक.

गेल्या रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर बुटीबोरीचे एक कामगार बंधू आम्हाला भेटले. मुलगी बी.ई. सिव्हिल, एम.आय.डी.सी.त नोकरीला. तिला स्ट्रक्चरलमध्ये एम.टेक. करायचे आहे, पण तिच्या पगारावर घर चालते. कोणीतरी सांगितले, फी भरा, पत्रद्वारे पदवी घ्या. पैशांची जुळवाजुळवही झाली होती!

आम्ही म्हटले, दादा, थांबा. ए.आय.सी.टी.ई.च्या मान्यतेशिवाय अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी नाकारल्या. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांवर फेरपरीक्षेची पाळी आली. नंतरच्यांच्या पदव्याच गेल्या. तेव्हा आधी मान्यतेचा कागद पाहावा. अर्धवेळ एम.टेक.लाही हेच लागू.

दुसरी वाट गेटची. नोकरीत राहूनच परीक्षा द्यावी. गुण ३ वर्षे चालतात. तोवर चार पैसे साठतात. मग व्ही.एन.आय.टी.सारख्या संस्थेत पूर्णवेळ प्रवेश मिळाला, तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन.

"वय वाढेल ना," दादा म्हणाले. बाबासाहेबांना १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून यावे लागले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे जमवले, १९२० ला परत गेले. डी.एस्सी. झाले १९२३ ला.

फीचे पैसे दादांनी पोस्टात टाकले आहेत.