हेपारिन पेशींची वाढ रोखतं, मग स्टेंटवर दुसरं औषध का?

अँजिओप्लास्टीत फुगवलेल्या फुग्याने रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला इजा होते. ती भरून येताना भिंतीतल्या स्नायुपेशी वाढतात आणि वाहिनी पुन्हा अरुंद होऊ शकते. रक्त गोठू न देणारं हेपारिन ही वाढही रोखतं, हे १९७७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. रुग्णांवरच्या चाचण्यांत मात्र हा फायदा मिळाला नाही.

हेपारिन आजही अँजिओप्लास्टीत देतात, पण गुठळ्या होऊ नयेत म्हणून. पेशींची वाढ थोपवण्यासाठी सिरोलिमससारखं औषध थेट स्टेंटवरच लावलं जातं. २०१७ मध्ये भारतात स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली, तेव्हा साध्या स्टेंटची ७,२६० आणि औषध लावलेल्याची २९,६०० रुपये ठरली. रुग्ण जास्तीचे पैसे मोजतो, ते ही वाढ रोखण्यासाठी.