तांबरमचा मतदार आणि तलावाची जमीन

पर्यावरण हा भारतीय मतदाराचा मुद्दाच नाही, हे विधान प्रत्येक निवडणुकीनंतर नव्याने केले जाते. त्याला आधारही असतो. 2024 च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी सीएसडीएस-लोकनीतीने केलेल्या पाहणीत 27 टक्के लोकांनी बेरोजगारी आणि 23 टक्के लोकांनी महागाई हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मानला. माझा आक्षेप या आकड्यांना नाही. अर्थकारण आणि पर्यावरण हे दोन वेगळे पर्याय म्हणून मतदारापुढे ठेवण्याला आहे. मी राहतो त्या तांबरममध्ये ही विभागणी टिकत नाही.

2 डिसेंबर 2015 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत येथे 49 सेंटिमीटर पाऊस झाला. पश्चिमेकडील मुडिचूर आणि वरदराजपुरम या वसाहती अड्यार नदीच्या पाण्याखाली गेल्या. येथील बहुसंख्य घरे ओरगडम-श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत किंवा तांबरमच्या निर्यात प्रक्रिया क्षेत्रात नोकरी करणाऱ्यांनी कर्ज काढून बांधलेली. पाणी ओसरल्यावर त्यांच्या हाती राहिले ते चिखलाने भरलेले तळघर, बंद पडलेली दुचाकी आणि पुढील पंधरा वर्षांचे हप्ते. अशा माणसाला पाहणी करणाऱ्याने ‘सर्वांत मोठा प्रश्न कोणता’ असे विचारले, तर तो महागाई म्हणेल. ते खोटे नसेल.

त्यानंतर साडेपाच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली. तांबरमची जागा अण्णाद्रमुककडून द्रमुककडे गेली आणि चेन्नई जिल्ह्यातील 16 पैकी 10 जागाही द्रमुकने घेतल्या. राज्यात मात्र जयललिता पुन्हा सत्तेवर आल्या. 1984 नंतर प्रथमच तामिळनाडूने सत्तारूढ पक्षाला दुसरी संधी दिली होती. ज्यांचे घर बुडाले त्यांनी शिक्षा केली. ज्यांचे बुडाले नाही त्यांनी अन्य गोष्टी पाहिल्या. यात विसंगती काही नाही. पूर ‘मानवनिर्मित’ होता, हा महालेखापरीक्षकांचा निष्कर्ष विधानसभेत पोहोचला तो 2018 मध्ये. तोवर मतदान होऊन दोन वर्षे लोटली होती.

पण या कथेची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. सप्टेंबर 2016 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने विनापरवाना भूखंडांच्या नोंदणीवर बंदी घातली, तेव्हा राज्यभर ओरड झाली. 2017 मध्ये सरकारने असे भूखंड नियमित करण्याचे नियम आणले. जलाशयांच्या जमिनी त्यातून वगळल्या, तरी सखल भागांतील असंख्य भूखंडांना मार्ग मोकळा झाला. कोणत्याही मोठ्या पक्षाला याविरुद्ध उभे राहणे परवडले नसते. तलाव पूर्ववत करा आणि माझा भूखंड कायदेशीर करा, या दोन्ही मागण्या अनेकदा एकाच अर्जदाराच्या असतात.

हे मी दुरून सांगत नाही. सेवेत असताना एका जिल्ह्यात माझ्यापुढे तलावाच्या जमिनीचे वर्गीकरण बदलण्याची फाइल आली होती. ‘सिंचनासाठी निरुपयोगी’ असा कनिष्ठांचा शेरा होता. वीस वर्षांपासून तेथे राहणारी कुटुंबे दाराशी उभी होती आणि त्यांची बाजू मांडायला सर्व पक्षांचे लोक आले होते. मी सही केली. तलाव सिंचनाला निरुपयोगी असला तरी पावसाचे पाणी धरून ठेवतो, हे मला ठाऊक होते. तो रकाना फाइलमध्ये नव्हता.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक आठवण सांगतो. अठराव्या शतकात थॉमस बर्नार्डने याच चेंगलपट्टू प्रदेशातील गावांचे जे सर्वेक्षण केले, त्यात गावच्या पिकातून तलावाच्या देखभालीसाठी वेगळा वाटा काढल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे धान्य आणि पाणी यांचा हिशेब एकाच वहीत होता. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या वहीत जातीचाही हिशेब होता.

मतदार तोलतो ते बहुधा पक्षाची विश्वासार्हता. चेन्नई-सेलम आठपदरी महामार्गाविरुद्ध न्यायालयात गेलेले पीएमकेचे अंबुमणी रामदोस 2019 मध्ये त्याच महामार्गाचा आग्रह धरणाऱ्या अण्णाद्रमुकशी युती करून धर्मपुरीतून लढले. मतदानाच्या दहा दिवस आधी, 8 एप्रिलला, उच्च न्यायालयाने भूसंपादन रद्द केले. खटल्यात यश आले, जागा मात्र गेली. पराभवाची अन्यही कारणे असतील. शिवाय 2021 मध्ये सेलम जिल्ह्यातील 11 पैकी 10 जागा अण्णाद्रमुक आघाडीनेच जिंकल्या. कारण आपल्या जिल्ह्याचा माणूस मुख्यमंत्री असणे हाही एक लाभच. महाराष्ट्राच्या वाचकांना नाणार आठवेल. तेथील भूसंपादन मार्च 2019 मध्ये रद्द झाले ते युती जुळल्यानंतर आणि लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर.

म्हणून उमेदवारांकडून ‘हरित’ जाहीरनाम्याची अपेक्षा मी ठेवत नाही. त्यांना इतकेच विचारावे: मतदारसंघातील कोणते सर्व्हे क्रमांक तलाव, ओढा किंवा पूरक्षेत्र म्हणून राखले जातील, तेथून उठवाव्या लागणाऱ्या कुटुंबांना घर कुठे मिळेल, आणि त्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होईल? मुडिचूरमध्ये अनेकांनी दरम्यान स्वखर्चाने जोते तीन-तीन फूट उंच करून घेतले आहे. पुढच्या पावसात ते पाणी शेजारच्या गल्लीत जाईल.