खडी बघा, मगच डंपर रिकामा करू द्या!

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत घर, शाळाखोली वा सभामंडप बांधणाऱ्या सर्व बंधू-भगिनींना जाहीर आवाहन

दिवाळी उरकली की खान्देशात बांधकामांना जोर येतो. सिमेंट कुठल्या कंपनीचे, सळई किती एमएमची, याची आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. खडी मात्र आली तशी ओतून घेतो. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये जवळपास निम्मे वजन खडीचेच असते.

आपल्याकडचा घट्ट काळा दगड नेहमीच्या एम-20 काँक्रीटपेक्षा कितीतरी मजबूत आहे. म्हणूनच अशा काँक्रीटचा ठोकळा दाबून फोडला, तर दगड सहसा फुटत नाही. खडी आणि सिमेंट यांचा सांधा आधी सुटतो. हा सांधा जपायचा, तर पुढील गोष्टी पाहा.

1. भुकटी : क्रशरची भुकटी किंवा काळी माती चिकटलेल्या खडीला सिमेंट नीट धरत नाही. मूठभर खडी काचेच्या बरणीत पाण्यात हलवा. पाणी गढूळ झाले, तर खडी धुतल्याशिवाय वापरू नका.

2. आकार : चपटे, लांबट तुकडे एकमेकांत अडकतात. माल सरकेना की मिस्त्री पाणी वाढवतो आणि जास्तीचे पाणी काँक्रीटची ताकद खाते. खडीचे भारतीय मानक आयएस 383 (2016) यानुसार अशा तुकड्यांचे एकत्रित प्रमाण 40 टक्क्यांच्या आत हवे. 20 एमएमसोबत 10 एमएम खडीही मागवा. मोठ्या खडीतल्या पोकळ्या ती भरते.

3. मांजऱ्या दगड : एकाच खाणीत घट्ट दगडाच्या शेजारी सच्छिद्र मांजऱ्या किंवा तांबडा, ठिसूळ थर लागतो. अशाच छिद्रांत सापडणारे सावद्याकडचे झिओलाइटचे पांढरे स्फटिक संग्राहकांना मोलाचे. स्लॅबच्या खडीत मात्र छिद्रांचा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा दगड नको.

4. ऊन : एप्रिल-मेच्या उन्हात तापलेली कोरडी खडी मिश्रणातले पाणी शोषते. आदल्या दिवशी तिच्यावर पाणी शिंपडा, शक्य तर सावलीत ठेवा. भरताना ती ओलसर असावी, निथळती नसावी.

5. ठोकळे : स्लॅब भरताना त्याच मालाचे 15 सेंटिमीटरचे किमान तीन ठोकळे काढा आणि 28 दिवसांनी प्रयोगशाळेत तपासून घ्या. घराच्या एकूण खर्चात हा खर्च किरकोळ आहे.

गावातल्या सार्वजनिक कामासाठी खडी आणि ठोकळ्यांचा चाचणी अहवाल ग्रामसभेत मागा. तो मागणे म्हणजे ठेकेदारावर अविश्वास दाखवणे नव्हे; चांगला ठेकेदार तो आपणहून दाखवतो.

खडी पसंत नसेल, तर डंपर परत पाठवा. भिडेपोटी उतरवून घेऊ नका. सिमेंटची आणखी एक गोणी टाकून मातकट खडीचा दोष भरून निघत नाही, आणि स्लॅब भरल्यावर खडी बदलता येत नाही.

आपले नम्र,
बांधकाम क्षेत्रातील काही अभियंते व मिस्त्री