शिक्षकांच्या हाती तार आणि दिवा

आपल्या पूर्वजांनी उसाच्या मळ्यांत घाम गाळला आणि तुटपुंज्या मजुरीतूनही मुलांच्या विद्येसाठी चार पैसे बाजूस ठेवले. त्याच उसाची चिपाडे जाळून आज मॉरिशसचे साखर कारखाने बेटाला वीज पुरवितात. अशा भूमीत मुलांनी वीज केवळ फळ्यावरील आकृतीतून शिकावी, हे शोभणारे नाही. परंतु मुलांच्या आधी हा पाठ शिक्षकांनी स्वहस्ते गिरविला पाहिजे.

एक विद्युतघट, एक लहान दिवा आणि तारेचा एकच तुकडा शिक्षकापुढे ठेवून म्हणावे, “दिवा पेटवा.” काम पोरखेळाचे वाटते, पण पदवीधरही येथे अडखळतात. दिव्याला एक टोक बुडाशी व दुसरे धातूच्या कडेला असते. घटाच्या एका ध्रुवापासून या दोहोंतून दुसऱ्या ध्रुवापर्यंत मार्ग अखंड जुळला, तरच तो पेटतो. पाठ केलेली व्याख्या हे दाखवीत नाही. पुढे सारखे दोन दिवे एकसर जोडावेत. प्रवाह वाटेत खर्ची पडतो असे मानणारा सांगेल की, पहिला अधिक प्रकाशेल. प्रत्यक्षात दोन्ही सारखेच, मात्र एकट्या दिव्यापेक्षा मंद पेटतात. घटाची ऊर्जा खर्च होते, प्रवाह नव्हे. आधी भाकीत, मग प्रयोग, मग वाद, या क्रमानेच जुनी समजूत गळून पडते.

भारतात होशंगाबाद येथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षक शिबिरांत विद्यार्थी होऊन असेच प्रयोग करीत. तो उपक्रम २००२ मध्ये बंद करण्यात आला. त्याचा धडा मात्र जुना झालेला नाही.

परीक्षेच्या धबडग्यात वेळ कोठून आणावा, असे कोणी विचारील. पण न समजलेला धडा दहादा घोकविण्यात वेळ वाचतो काय? साहित्य स्वस्त आहे आणि दीड व्होल्टच्या घटाने विजेचा धक्का बसत नाही. घरातील विजेशी मात्र खेळ नको. खरी अडचण मानाची आहे. शिष्यांदेखत चुकण्याचा संकोच गुरूला वाटणारच. म्हणून त्याला चुकण्यासाठी स्वतंत्र जागा हवी.

बंधुभगिनींनो, सुट्टीत दोन दिवस आपले सभागृह शिक्षकांना द्यावे. चर्चा क्रियोलमध्ये होवो वा मराठीत. हात मात्र प्रत्येकाचे कामात असावेत. ज्यांच्या आज्यापणज्यांनी हातांनीच हे बेट पिकविले, त्यांनी हाताने मिळालेल्या ज्ञानास कमी लेखू नये.