खरेदीखतापूर्वीचा वकील

नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे गेल्या चार दशकांत आपल्या जुन्या हद्दी ओलांडून कितीतरी दूर पसरली. १९८२ साली लातूर जिल्ह्याचे ठिकाण झाले. नांदेडला १९९७ साली आणि लातूरला २०११ साली महानगरपालिका मिळाली. मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यांतून आलेले पालक, निवृत्तीनंतर शहरात स्थिरावू पाहणारे शिक्षक, आडत बाजारातील लहान व्यापारी अशा अनेकांनी, काल-परवापर्यंत जेथे ज्वारी आणि कापूस उभा होता त्या रानांत प्लॉट घेतले, घरे बांधली. या व्यवहारात बहुधा आयुष्याची सगळी पुंजी गुंतते. दलालाची दलाली मुकाट्याने दिली जाते आणि मुद्रांक शुल्क तर चुकतच नाही. काटकसर सुचते ती वकिलाच्या फीच्या बाबतीत! मराठवाड्यात तरी ही काटकसर फार महाग पडणारी आहे.

मुंबईत जमीनजुमल्याचे हक्क तपासून देणाऱ्या सॉलिसिटरांच्या पेढ्यांची परंपरा जुनी आहे. मराठवाड्यात ती रुजली नाही. येथील खरेदीदार दुय्यम निबंधक कचेरीच्या आवारातील दस्तलेखकाकडे जातो, तयार मसुद्यात नावे आणि चतुःसीमा भरून घेतो, आणि 'रजिस्ट्री झाली' म्हणून निश्चिंत होतो. वास्तविक १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्ताची नोंद होते. विकणाऱ्याच्या मालकीची हमी त्यातून मिळत नाही. सातबाऱ्याचेही तसेच आहे. तो मूलतः महसुलाचा कागद असून केवळ फेरफाराच्या नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. ज्याच्याजवळ जेवढा हक्क, तेवढाच तो दुसऱ्याला देऊ शकतो. तेव्हा मूळ प्रश्न विकणाऱ्याच्या हक्काचा आहे, आणि तो तपासणे हेच वकिलाचे काम होय.

मराठवाड्यात हे काम अधिक बिकट आहे, याला इतिहास कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या अमलाखाली होता. त्या काळचे महसुली दप्तर उर्दूत असून त्यातील साल फसली आहे. पुढे १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याने संरक्षित कुळांना हक्क दिले आणि अशा जमिनींच्या विक्रीवर परवानगीचे बंधन घातले. १९५४ च्या कायद्याने इनामे खालसा झाली. मदतमाश आणि खिदमतमाश या दोन्ही प्रकारांना निराळे नियम लागू झाले. देवस्थानाच्या व वक्फच्या जमिनींचा प्रश्न आणखी वेगळा. १९५४ च्या खासरा पाहणीत एखाद्या सर्व्हे नंबरापुढे कोणती नोंद आहे, यावर आजच्या अख्ख्या वसाहतीचे भवितव्य अवलंबून असू शकते. वकिलांकडून तीस वर्षांचा शोध घेण्याचा सर्वत्र प्रघात आहे. परंतु आजपासून तीस वर्षे मागे गेले, तर शोध विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातच थांबतो. दोषाचे मूळ मात्र त्याच्याही चार दशके मागे असते. म्हणून नांदेड-लातूर परिसरातील खरेदीदाराने आपल्या वकिलाला पहिला प्रश्न विचारावा तो हा की, जुने दप्तर तुम्ही पाहणार का, आणि उर्दू नोंदी कोणाकडून वाचून घेणार?

'बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे कागद स्वच्छ' हा दुसरा भ्रम. बँकेचा वकील बँकेचे हित पाहतो. बँकेच्या हाती कर्जदाराचा पगार असतो आणि जामीनदारही असतो. बिल्डरने सुचविलेला वकील बिल्डरचा असतो. यात कोणाच्या सचोटीवर आक्षेप नाही. एकाच वकिलाने दोन्ही बाजू सांभाळू नयेत हे तर या व्यवसायाचेच तत्त्व आहे. २०१७ पासून महारेराच्या नोंदणीमुळे मोठ्या प्रकल्पांची माहिती उघड झाली आणि नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बंदी आली. तथापि पाचशे चौरस मीटरांपर्यंतच्या जागेतील वा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना ही नोंदणी सक्तीची नाही, आणि गुंठेवारीचा प्लॉट बाँडवर विकणारा तर या चौकटीत येतच नाही. केवळ विक्रीचा करार वा मुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले असूनही असे व्यवहार थांबलेले नाहीत.

वकिलांना जाहिरात करण्यास मनाई असल्याने योग्य माणूस शोधावाच लागतो. फौजदारी कोर्टातील नामांकित वकील या कामी उपयोगी पडेलच असे नाही. दिवाणी आणि महसुली दावे लढविलेला पाहावा. इसार देण्यापूर्वी त्याच्याकडे जावे, नंतर नव्हे. फी आधी ठरवून पावती घ्यावी. मूळ खरेदीखते, वारसांची नावे, अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन, बांधकाम परवाना, बोजा फिटल्याचा दाखला हे सारे त्याच्यापुढे ठेवावे; घरातील बहिणींच्या हिश्शाबद्दल काही ऐकले असेल तर तेही सांगावे. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी, आणि शोध अहवाल लेखी व सहीचा घ्यावा. वकिलाने 'थांबा' म्हटल्यास थांबण्याची तयारी हवी. प्लॉट हातचा जाईल या धास्तीपोटी सल्ला डावलला, तर फी भरूनही उपयोग नाही.

दोष एकट्या खरेदीदाराचा नाही. कचेरीत न जाता ठरावीक नमुन्यावर अहवाल उतरवून देणारे वकील आहेत, आणि दोन्ही शहरांतील वकील संघांनी याचा विचार केला पाहिजे. निजामकालीन दप्तराचे मराठी भाषांतर करून ते सामान्यांस खुले करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींना कायदेशीर सल्लाही मोफत मिळू शकतो; घरखरेदीपूर्वी त्याचा लाभ घेता येतो, हे गावोगावी सांगितले गेले पाहिजे. अन्यथा मालकीचा दावा दिवाणी न्यायालयातून उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत जातो आणि बापाने बांधलेल्या घराचा खटला मुलाला चालवावा लागतो. त्या खटल्यात वकिलाला जे द्यावे लागते, त्याच्या अल्पशा अंशात खरेदीपूर्वीचा सल्ला मिळाला असता.