हडपसरचा कोयता आणि सरकारचा दंडुका

पुण्याच्या पूर्वेस, जेथे सोलापूरचा व सासवडचा रस्ता एकमेकांपासून फुटतो आणि पंढरीच्या वारीत ज्ञानोबांची व तुकोबांची पालखी आपापल्या वाटेस लागते, ते हडपसर पूर्वी मळ्यांचे गाव होते. मुठा कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस व भाजीपाला पिके, आणि कोयता हे शेतकऱ्याच्या घरातील नित्याचे अवजार असे. आज मळ्यांच्या जागी मगरपट्ट्यासारखी नगरे उभी राहिली आहेत. ऊस मागे हटला. कोयता मात्र राहिला, आणि तो आता मोटारींच्या काचांवर, पानाच्या टपरीवर, प्रसंगी माणसाच्या मानेवर चालू लागला आहे. ‘कोयता गँग’ हे शब्द पुण्याच्या व विशेषतः हडपसर-मांजरी भागाच्या नावास असे चिकटले की, २०२२ च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांस हा प्रश्न विधिमंडळापुढे मांडावा लागला. त्यानंतर सरकारी उपायांची जी मालिका सुरू झाली, तिचा विचार शांतपणे करणे आम्हांस अवश्य वाटते.

या विषयावर लोकांत दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो, गुंडास कसले आले हक्क? त्यांची भर रस्त्यातून धिंड काढा, वर्षभर डांबून ठेवा, म्हणजे बाकीचे आपोआप सरळ येतील. दुसरा म्हणतो, पोलिसांनी केलेली प्रत्येक गोष्ट हा जुलूमच होय. यांपैकी कोणाचेही म्हणणे आम्हांस सर्वांशी मान्य नाही. ज्याच्या रिक्षाची काच मध्यरात्री फुटली, ज्याला हप्त्यासाठी दुकानाची फळी मिटावी लागली, ज्याची मुलगी शिकवणीहून परतेपर्यंत घरातील कोणाचा डोळा लागत नाही, त्याला स्वातंत्र्यावर व्याख्यान देणे सोपे आहे. पण जळते त्याला कळते. निर्भयपणे रस्त्याने चालता येणे हा नागरिकाचा पहिला हक्क आहे व तो राखणे हे सरकारचे पहिले कर्तव्य आहे. वाद कर्तव्याविषयी नाही, ते पार पाडण्याच्या रीतीविषयी आहे.

प्रथम शस्त्राचा विचार करू. परक्या सरकारने १८७८ साली हत्यारांचा कायदा करून या देशास निःशस्त्र केले व गोऱ्यांस मात्र त्यातून मोकळे ठेवले. हा अपमान लोकांस इतका झोंबला की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. स्वतंत्र भारताच्या घटनेने तो स्वीकारला नाही, व १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची पद्धत कायम ठेवली. आमच्या मते हे योग्यच झाले. घरोघरी बंदूक असलेल्या अमेरिकेत शाळेतील लेकरांची जी गत वारंवार होते, ती पाहता परवाना सैल करा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण परवाना मागावयास येतो तो कायदा मानणारा मनुष्य. गावठी पिस्तुले मध्य प्रदेशाच्या सीमेवरील उमर्टीसारख्या ठिकाणांहून महाराष्ट्रात येतात, हे पोलिसांच्याच कारवायांतून पुनःपुन्हा उघड झाले आहे. ती वाट बंद करणे हे खरे शस्त्रनियंत्रण होय, व त्यात सरकार जितकी कठोरता दाखवील तितकी आम्हांस थोडीच वाटेल.

कोयत्याची गोष्ट निराळी आहे. १९५९ च्या कायद्यानेच केवळ घरकामाच्या वा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू ‘शस्त्र’ या व्याख्येतून वगळल्या आहेत, आणि ते शहाणपणाचे आहे. कारण ज्या महाराष्ट्रात लक्षावधी ऊसतोड मजुरांची भाकरी कोयत्याच्या धारेवर आहे, तेथे कोयत्यास परवाना लावणे म्हणजे भाकरीस परवाना लावणे होय. २०२३ च्या आरंभी पुणे पोलिसांनी कोयता विकत घेणाराच्या आधारकार्डाची नोंद दुकानदारांनी ठेवावी असे फर्मावले. कोवळ्या पोरास डझनभर कोयते देणाऱ्या दुकानदारास यामुळे चाप बसत असेल तर बसो. परंतु एवढ्याने दहशत संपेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. याच हडपसरात २ जून २०१४ च्या रात्री, समाजमाध्यमावरील विटंबनेच्या चित्रांवरून शहर पेटले असता, त्या चित्रांशी काडीचा संबंध नसलेल्या एका तरुण संगणक-कर्मचाऱ्यास जमावाने केवळ त्याच्या वेषावरून व दाढीवरून परधर्मी ओळखून ठार मारले. त्यासाठी हॉकीच्या काठ्या व दगड पुरले. दगडाची नोंद कोणत्या वहीत ठेवणार?

आता सरकारच्या हातातील शस्त्रे पाहू. ती थोडी नाहीत. १९५१ च्या पोलीस कायद्याखाली तडीपारी आहे. १९८१ च्या ‘एमपीडीए’ कायद्याखाली पोलीस आयुक्तांच्या आदेशाने, खटला न चालविता, मनुष्यास एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते, व सल्लागार मंडळापुढे त्याला वकील देण्याचाही हक्क नाही. १९९९ च्या ‘मोक्का’ कायद्याखाली दोषारोपासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत वाढते, जामीन दुर्मिळ होतो, व वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुराव्यात धरला जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने संघटित गुन्हा व दहशतवादी कृत्य ही दोन्ही कलमे सामान्य फौजदारी कायद्यातच आणून बसविली. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयकही संमत केले. इतके असूनही ज्या वस्तीत मोटारी फुटल्या त्याच वस्तीतून आरोपींची धिंड काढली जाते, आणि बघे टाळ्या पिटतात! ही धिंड कोणत्या कलमाखाली निघते? ज्याचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा आहे त्याला रस्त्यावर शिक्षा देणारा अधिकारी एकाच वेळी फिर्यादी, न्यायाधीश व फटके मारणारा असा तिहेरी अंमल गाजवितो. आज टाळी वाजविणाऱ्याचा मुलगा उद्या चुकून त्या रांगेत उभा राहिला, तर त्याने दाद कोठे मागावी?

भयाच्या भरात केलेले उपाय कितपत टिकतात, हे पुण्यास कोणी नव्याने सांगावयास नको. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारने काय केले? शहरावर शहराच्याच खर्चाने जादा पोलीस बसविले. १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनचा आधार घेऊन नातूबंधूंस खटल्यावाचून अटकेत ठेवले. लोकमान्य टिळकांस लेखांबद्दल १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. यांपैकी कोणत्याही उपायाने गुन्ह्याचा उलगडा झाला नाही. तो झाला माहिती व तपास यांच्याच वाटेने. पुढे १९०८ साली मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ८ जून रोजी दोन कायदे झाले, एक स्फोटक द्रव्यांचा व दुसरा वृत्तपत्रांचा. वृत्तपत्रांचा कायदा १९२२ साली त्याच परक्या सरकारला रद्द करावा लागला. स्फोटक द्रव्यांचा कायदा मात्र स्वतंत्र भारतातही चालू आहे. बॉम्बच्या कृत्यास हात घालणारा कायदा टिकला, लोकांच्या मनास व वाणीस हात घालणारा टिकला नाही. स्वराज्यातही हाच क्रम चुकला नाही. ‘टाडा’ कायद्याची मुदत १९९५ साली संपू द्यावी लागली व २००२ चा ‘पोटा’ २००४ साली रद्द झाला. दोहोंच्या मागे दुरुपयोगाच्या तक्रारींचा डोंगर उभा होता.

मग उणीव कशाची आहे? अधिकाराची नव्हे, कामाची. हडपसरच्या वर सांगितलेल्या खुनाचा निकाल २०२३ च्या जानेवारीत लागला व आरोपी निर्दोष सुटले. ज्याच्यावर दोष शाबीत होत नाही त्याने सुटलेच पाहिजे, याबद्दल आमची तक्रार नाही. पण भर वस्तीत, अनेकांच्या देखत मनुष्य मारला जातो आणि साडेआठ वर्षांनी तो कोणी मारला हे न्यायालयात सिद्ध होत नाही, ही नामुष्की कोणाची? डॉ. नरेंद्र दाभोलकर यांस २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या. निकाल १० मे २०२४ रोजी लागला. दोघांस जन्मठेप झाली व तिघे पुराव्याअभावी सुटले. या दोन्ही प्रकरणांत कायदा लंगडा नव्हता, तपास व साक्ष लंगडी पडली. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत एका विद्यार्थिनीवर कोयता उगारला गेला, तेव्हा तिला वाचविले रस्त्यावरील तरुणांनी. जवळच्या पेरुगेट चौकीतील पोलीस जागेवर नव्हते म्हणून पुढे निलंबित झाले. ज्या चौकीत शिपाई नाही, तिच्या दारावर ‘मोक्का’ची पाटी लावून काय होणार? साप साप म्हणून भुई धोपटण्याचाच हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. कोयता घेऊन फिरणाऱ्यांत अठरा वर्षांच्या आतील मुले बरीच सापडतात. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या, त्यांच्या हजेऱ्या घेतल्या, त्यांस वसाहतींत कोंडले. १९५२ साली तो कलंक कायद्याने पुसला. लोकांच्या व पोलिसांच्या मनातून तो अद्याप पुसला गेलेला नाही. एखाद्या वस्तीचे नाव सांगताच पोरास संशयिताच्या यादीत घालणे, हा त्याच जुन्या रोगाचा नवा झटका आहे. चौदा वर्षांच्या मुलाची धिंड काढली की तो सुधारत नाही, प्रसिद्ध होतो. आणि त्याला हवी असते तीही प्रसिद्धीच. स्कॉटलंडातील ग्लासगो शहर चाकूच्या मारामाऱ्यांसाठी कुप्रसिद्ध होते. तेथील पोलिसांनी २००५ साली एक स्वतंत्र शाखा काढली व हिंसा ही साथीच्या रोगासारखी मानून, चाकू उपसणाऱ्यास शिक्षेची खात्री आणि टोळी सोडणाऱ्यास शिक्षण व रोजगाराची वाट अशा दोन्ही गोष्टी एकदम हाती घेतल्या. पुढील वर्षांत तेथील खुनांची संख्या पुष्कळ घटली. हे काम स्कॉटलंडातील पोलिसांस साधते, तर पुण्याच्या पोलिसांस व महापालिकेस का साधू नये?

आणि सगळा दोष सरकारच्या माथी मारून आपण नामानिराळे राहावे हेही बरे नव्हे. वाढदिवसाचा केक तलवारीने कापणारा ‘भाई’ आपल्याच आळीतला असतो. त्याच्या चेहऱ्याचे फलक चौकात लागतात तेव्हा त्याखाली शुभेच्छुक म्हणून आपलीच नावे असतात, आणि निवडणूक आली की सर्व पक्षांचे पुढारी त्याच्या दारी जातात. ज्या समाजात दांडगाई हीच कर्तबगारी ठरते, तेथे मुलाच्या हाती पाटीऐवजी कोयता आला तर नवल ते काय? वर्गणी देताना, फलक लावताना, मत देताना आपण या दहशतीस खतपाणी घालतो, आणि ती फोफावली म्हणजे सरकारने जादा दंडुका चालवावा अशी आरोळी ठोकतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गावठी पिस्तुलाचा माग ते जेथे घडते तेथवर लावावा. चौक्या रात्री उघड्या व भरलेल्या असाव्यात. हडपसरचा विस्तार पाहून २०२४ साली काळेपडळ व फुरसुंगी येथे नवी ठाणी झाली हे ठीक झाले, आता तेथे पुरेसे मनुष्यबळ द्यावे. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केली आहे. तिचा लाभ हडपसरच्या भाजीवाल्यास व रिक्षावाल्यास मिळावा, म्हणजे तो न्यायालयात तोंड उघडील. ‘एमपीडीए’चे किती आदेश निघाले व त्यांतील किती वरिष्ठ न्यायालयात टिकले, हे आयुक्तांनी दरवर्षी प्रसिद्ध करावे. आणि धिंड आजपासून बंद व्हावी.

कोयत्याने समाजास भिवविणारा गुंड असे समजतो की बळ हाच कायदा. त्याला उत्तर देताना सरकारही तेच बोलू लागले, तर गुंडाचा पराभव झाला असे नव्हे, त्याचे तत्त्व सरकारदरबारी मान्य झाले असे होईल. हडपसरच्या रहिवाशांस दोन भयांपैकी एक निवडण्याची पाळी येऊ नये. रात्री रस्त्यावर गुंडाचे भय नसावे आणि सकाळी ठाण्यात पोलिसाचे भय नसावे, एवढेच त्यांचे मागणे आहे, आणि कायद्याच्या राज्यात ते जास्त नाही.